डिग्रीवाचून संगणकाचा धंदा : नागपूरला पाहिलेले



लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना गेली दोन-तीन वर्षे एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पोरगं बारावी झालं, कॉलेजात मन नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतं. म्हणतं वेबसाइटी बनवीन, घरी बसून कमवीन. खरं असतं का हे?" एक सभासद तर याहून पुढे गेले. नागपूरचा कोणी क्लासवाला दीड लाख मागतो आहे, एका एकराच्या उसाचे बिल त्यात घालू का, असे त्यांनी मला बांधावरच विचारले. शेतकी खात्याच्या माणसाजवळ याचे उत्तर कुठून असणार? पण माझा सख्खा भाचा नागपुरात हाच धंदा करतो. मागच्या महिन्यात कामानिमित्त तिकडे गेलो तेव्हा दोन दिवस त्याच्याच खोलीवर मुक्काम केला. जे पाहिले ते लिहितो.

खोली गायत्रीनगरकडे, आयटी पार्कपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पार्कात काचेच्या मोठमोठ्या इमारती, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरे-पोरी, बाहेर रस्त्यावर खाण्याच्या गाड्या. आमचा भाचा त्या इमारतींत कधी आत गेलेला नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडले. खोलीत एक टेबल, दोन पडदे, एक इन्व्हर्टर आणि कोपऱ्यात गादी. एवढेच त्याचे ऑफिस.

आता एक कबुली देतो. आमच्या दाजींनी मोटारसायकलसाठी राखलेले खोडव्याचे बिल या पोराच्या जुन्या संगणकात घातले, तेव्हा सर्वांत जास्त आरडाओरडा मीच केला होता. "पोराला घरात बसायची सवय लावता," असे मी बहिणीच्या तोंडावर बोललो. दाजी काही बोलले नाहीत. बहीण मात्र वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.

वेबसाइट म्हणजे तरी काय? दुकानाची पाटी रस्त्यावर असते, तशी ही फोनवरची पाटी. पण ही पाटी बोलते. डॉक्टरची वेळ घेता येते, मंगल कार्यालय कोणत्या तारखेला रिकामे आहे ते कळते, मालाचे पैसे भरता येतात. तिचा सांगाडा एचटीएमएल नावाच्या भाषेत लिहितात, रंगरूप सीएसएसमध्ये, आणि बटण दाबल्यावर काय घडावे ते जावास्क्रिप्टमध्ये. टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत याची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे सगळे जगाला फुकट खुले करून टाकले. गावच्या विहिरीसारखे, ज्याच्याजवळ दोर आहे त्याने पाणी काढावे. डॉक्टर-वकिलाला सनद लागते, इथे कोणी सनद विचारत नाही. आपली आपण शिकलेली पोरे या धंद्यात शिरू शकतात ती यामुळेच.

पण दोर वळायला वेळ लागतो. भाच्याला पहिला पैसा मिळायला अठरा महिने लागले. "अडसालीएवढे," मी म्हणालो. तो हसला. "हो मामा, पण अडसालीत मधे भुईमूग तरी घेता येतो. इथं मधे काहीच नाही."

शिकला कशावर? एमएस-सीआयटी त्याने केली होती, पण त्यात संगणक वापरायला शिकवतात, पाने बांधायला नाही. मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहे, त्यातले बरेच धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, पैसा लागत नाही. इंग्रजी थोडे वळल्यावर फ्रीकोडकॅम्प सापडले, तेही फुकट. पण खरे शिक्षण मोडतोडीतून झाले म्हणतो. दुसऱ्याचे चांगले पान बघायचे, तसेच आपण लिहायचे, ते मोडायचे, का मोडले ते रात्रभर शोधायचे. पहिले पान त्याने एका बी-बियाण्याच्या दुकानाला फुकट करून दिले. दुसऱ्याचे तीन हजार मिळाले. पुढे सीताबर्डीच्या दुकानांच्या पायऱ्या चढून चढून आणखी चार कामे मिळाली. धरमपेठेतल्या एका दातांच्या डॉक्टरांचे काम चांगले उतरले आणि त्यांनीच पुढची तीन गिऱ्हाइके पाठवली.

मला वाटले होते की संगणकाची भाषा हीच यातली अवघड गोष्ट. तसे नाही. अवघड आहे ती वसुली. दुसऱ्या वर्षी एका शिकवणी वर्गाने त्याच्याकडून दोन महिने काम करून घेतले. आज हा रंग बदल, उद्या तो फोटो लाव. ठरलेले अठरा हजार. हातात आले चार. लेखी काही नव्हते. साइट मालकाच्या ताब्यात गेल्यावर फोन उचलणे बंद. त्या महिन्याचे खोलीभाडे दाजींनी पाठवले, आणि ही गोष्ट बहिणीने माझ्यापासून लपवून ठेवली. का लपवली ते मी समजलो.

आता तो ४० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय कामाला हात लावत नाही. ३० टक्के नमुना पसंत पडल्यावर आणि उरलेले साइट चालू करण्याआधी. किती वेळा बदल करून देणार तेही कागदावर लिहून घेतो. बोलता बोलता त्याने मला विचारले, "मामा, उसाचं बिल किती दिवसांत द्यायचा कायदा आहे?" मी सांगितले, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवस, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. "आणि पडतं?" मी चहा ठेवायला उठलो.

त्याच्यासाठीही कायदा आहे, हे मात्र मला नवीन होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे, लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि ठरली नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. चुकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती २०२० पासून आधार क्रमांकावर घरबसल्या आणि फुकट होते. भाच्याने ती केली ती अठरा हजार बुडाल्यानंतर. पोरे धंद्यात पडणार असतील त्यांनी ती आधी करावी.

परदेशी कामे जास्त पैशांची असतात, पण काम जुळवून देणारे मधले दलाल-संकेतस्थळ टक्केवारी कापते आणि अमेरिकेच्या दिवसासाठी इथे रात्र जागावी लागते. भाच्याला ते मानवले नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीपासून नवे संकट आले आहे. साधे पान आता कृत्रिम बुद्धीचे यंत्र पाच मिनिटांत लिहून देते. तीन हजारांची कामे त्यामुळे जवळजवळ संपली. टिकतात ती गिऱ्हाइकाच्या धंद्यात डोके घालावे लागणारी कामे. सध्या तो एका संत्रा व्यापाऱ्याचा आवक-जावकेचा हिशेब बांधतो आहे आणि त्यासाठी पहाटे कळमन्याच्या बाजारात जाऊन उभा राहतो.

ऊसपट्ट्याला संगणक नवा नाही. वारणेला १९९८ मध्ये कारखान्याच्या परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला होता. आणि ज्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या येतात, त्याच जिल्ह्यातले दादासाहेब भगत यांचे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आयटीआय करून पुण्याला इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर पडेल ते काम, पगार नऊ हजार. रात्री अ‍ॅनिमेशन शिकले, पुढे पायथन. करोनाच्या टाळेबंदीत गावी परतल्यावर त्यांनी गुरांच्या गोठ्यात संगणक मांडले आणि डूग्राफिक्स हे चित्र-जाहिराती बनवण्याचे साधन उभे केले. अर्थात असा एखादाच निघतो. भाच्यासारखी पोरे जास्त. काही महिने बरे, काही महिने कोरडे, आणि वर्षाच्या शेवटी एखाद्या कारकुनाएवढे पदरात पडते.

दीड लाखाच्या क्लासचे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "आधी सहा महिने फुकटचं शिकून पाहू द्या. तेवढ्यात पोरगं कंटाळलं, तर तुमचं एकराचं बिल वाचलं. नाही कंटाळलं, तर क्लास काहून पाहिजे?"

दिवाळीत तो गावी येतो आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गट ऑफिसात बसायला कबूल झाला आहे. ज्यांना विचारायचे असेल त्यांनी चिटबॉयकडे नाव द्यावे. मात्र पोराला किंवा पोरीला बरोबर आणावे, आणि त्यांनी स्वतः लिहिलेले एक तरी पान, मोडके का असेना, फोनवर घेऊन यावे.