गळ ओढणाऱ्या होडीसाठी साहाय्यक यंत्राची निवड

सुरमई व कुपा हे मासे धावत्या आमिषावर झडप घालतात. त्यांच्यासाठी लांब दोरीला गळ बांधून तो होडीमागे ओढला जातो. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्याशी या पद्धतीचा काहीही संबंध नाही. या पद्धतीत यशाचे मर्म वेगात आहे. खऱ्या माशाच्या आमिषास ताशी २ ते ३ सागरी मैल, तर कृत्रिम आमिषास बहुधा ४ ते ६ सागरी मैल वेग मानवतो.

मोठे यंत्र तासन्‌तास इतक्या मंद गतीने चालविल्यास इंधन वाया जाते व यंत्रात काजळी साचते. म्हणून होडीच्या मागील बाजूस लहान साहाय्यक यंत्र बसविणे हितावह होय. त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. भर समुद्रात मुख्य यंत्र बंद पडल्यास हेच यंत्र माणसांना सुखरूप किनाऱ्यास आणते. यंत्र निवडताना ही वेळ डोळ्यांपुढे ठेवावी.

शक्ती किती असावी? होडी, माणसे, बर्फ, जाळी व मासळी मिळून होणाऱ्या एकूण वजनाच्या दर टनास ४ ते ५ अश्वशक्ती धरावी. दोन टनांच्या होडीस ८ ते १० अश्वशक्तीचे यंत्र पुरते. शांत पाण्यात याहून कमी शक्तीही चालेल. पण वारा व भरती-ओहोटीचा ओढ विरुद्ध असता ती अपुरी पडते.

दांडा व पंखा. यंत्राचा दांडा साधारणतः १५, २० वा २५ इंचांचा मिळतो. आखूड दांड्याचा पंखा लाटेवर होडी उचलली गेली की पाण्याबाहेर फिरतो. म्हणून लांब दांडा घ्यावा. पंखा मोठ्या व्यासाचा व कमी पेचाचा असावा. तो जड होडीस चांगला रेटा देतो. बसविण्याची फळी भक्कम आहे की नाही, हे सुताराकडून तपासून घ्यावे.

इंधन. चारफेरी यंत्र मंद गतीस संथ चालते व त्याच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागत नाही. दोनफेरी यंत्र वजनाने हलके असते, परंतु मंद गतीस त्याचा स्पार्क प्लग लवकर काजळतो. विजेवरील मोटार तलावातील लहान होडीस सोयीची आहे. तथापि १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५० अँपिअर प्रवाहावर दोन तासही टिकत नाही. खोल समुद्रात तिच्यावर विसंबू नये.

वेगाची परीक्षा. नाळेपाशी लाकडाचा तुकडा पाण्यात टाकावा. ८ मीटर लांबीची होडी त्यास ४ सेकंदांत मागे टाकीत असेल, तर वेग ताशी सुमारे ४ सागरी मैल समजावा. ग्रामसेवकांनी ही परीक्षा खरेदीपूर्वी पूर्ण भारासह करवून घ्यावी.

रोज काम संपल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे. आठवड्यातून एकदा ते समुद्रात चालवून पाहावे. महिनोन्‌महिने बंद राहिलेले यंत्र संकटसमयी सुरू होईलच, असा भरवसा नसतो.