कागद केव्हा फाडावा?

आपल्या बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना 'पहाणी' हा शब्द नवा नाही. जमीन कोणाची, तीत पीक कोणते, तिच्यावर बोजा किती, हे सांगणारा हा कागद. पूर्वी तो हाताने लिहिलेला असून पटवाऱ्याच्या दप्तरात असे. कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेने 2002 च्या सुमारास राज्यातील सुमारे 67 लाख शेतकऱ्यांच्या 2 कोटी नोंदी संगणकावर आणल्या. आज भालकीचा किंवा आळंदचा माणूस आपल्या गावच्या संगणकासमोर बसतो. नोंद मात्र दूरच्या शहरातील साठवण-यंत्रात असते. मागणी तारेवरून जाते, उत्तरही तारेवरून येते. अशा ये-जा करणाऱ्या मागण्यांचा हिशेब कसा ठेवतात आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या हाती का पडत नाही, हे या लेखात पाहावयाचे आहे.

संगणकातील जो कार्यक्रम एखाद्या यंत्राशी बोलण्याचे काम करतो, त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. यंत्र दूर असले म्हणजे ड्रायव्हर हा कचेरीतील जावक कारकुनासारखा होतो. वाचण्याची किंवा लिहिण्याची मागणी आली की तो तिचा एक कागद करतो. कोणी मागितले, यंत्रातील कोणती जागा हवी, उत्तर कोठे ठेवावयाचे, हे त्यावर असते. हा कागद म्हणजे संगणकाच्या स्मृतीतील एक लहानसा तुकडा होय. उत्तर आले, मागणाऱ्यास पोचले, की कागदाचे काम संपले. मग तो फाडावयाचा. म्हणजे स्मृतीतील ती जागा पुढच्या मागणीसाठी मोकळी करावयाची.

हे वाटते तितके सोपे नाही. एकच कागद एकाच वेळी तिघांच्या हाती असू शकतो. एक भाग तो तारेवर पाठवीत असतो. दुसरा उत्तराची वाट पाहत असतो. तिसरा घड्याळ लावून बसलेला असतो व ठराविक वेळेत उत्तर न आल्यास मागणी रद्द करतो. तिघे आपापल्या गतीने चालतात. एकाने काम संपले असे समजून कागद फाडला, तर दुसरा त्याच जागेवर लिहीत राहील. आणि ती जागा तोवर निराळ्याच कामास दिली गेली असेल. उलट, दुसरा कोणी फाडील म्हणून कोणीच फाडला नाही, तर कागदांचे ढीग साचून स्मृती भरून जाईल व संगणक अडेल.

यावरील पहिला उपाय मोजदादीचा आहे. कागदावरच एक आकडा ठेवावा: हा कागद सध्या किती जणांच्या हाती आहे? घेणाऱ्याने एक वाढवावा, सोडणाऱ्याने एक कमी करावा. ज्याच्या हातून आकडा शून्य होईल त्यानेच कागद फाडावा. संगणकशास्त्रात ही युक्ती जॉर्ज कॉलिन्स यांनी 1960 साली प्रसिद्ध केली. लिनक्स या संगणक-प्रणालीत 2004 साली तिच्यासाठी 'केरेफ' नावाची तयार सोय झाली.

या युक्तीतही एक पथ्य आहे. कागद दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वीच आकडा वाढविला पाहिजे. आधी दिला आणि मग वाढवू म्हटले, तर मधल्या निमिषात तो दुसरा आपले काम उरकील, आकडा शून्यावर आणील आणि कागद फाडून मोकळा होईल. शिवाय आकड्यालाही मर्यादा असते. तिच्यापलीकडे गेला की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि वापरातील कागदही रिकामा भासतो. म्हणून 2017 साली लिनक्समध्ये अशी व्यवस्था आली की आकडा मर्यादेशी येताच तेथेच गोठतो व तो कागद कधीच फाडला जात नाही. थोडी जागा वाया गेलेली पत्करते. चुकीची नोंद पत्करत नाही.

दुसरी अडचण उशिरा येणाऱ्या उत्तराची. लिनक्समधील 'नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस' हा अशा दूरच्या साठवणीचा ड्रायव्हर पावेल माखेक यांनी 1997 साली लिहिला. त्यात प्रत्येक मागणीबरोबर 64 द्विमान अंकांची एक खूण जाते व पलीकडचे यंत्र उत्तराबरोबर ती जशीच्या तशी परत करते. समजा, 37 क्रमांकाच्या मागणीची मुदत संपली, ती रद्द झाली आणि 37 हा क्रमांक नव्या मागणीस मिळाला. इतक्यात जुने उत्तर आले. नुसता क्रमांक पाहिला, तर जुने उत्तर नव्या मागणाऱ्याच्या पदरी पडेल.

कचेरीत यावर तोड फार पूर्वीच निघालेली आहे. नव्या वर्षी जावक क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू होतात. म्हणून पत्रावर क्रमांकाबरोबर वर्षही घालतात. त्या ड्रायव्हरनेही हेच केले आहे. खुणेच्या एका अर्ध्यात जागेचा क्रमांक असतो, दुसऱ्या अर्ध्यात ती जागा कितव्या खेपेस वापरली त्याची मोजणी. खेप जुळली नाही तर उत्तर स्वीकारले जात नाही.

आता शेवटचा प्रसंग: साठवण-यंत्रच काढून घ्यावयाचे झाले तर? याचे उत्तर आपल्या भागाच्या इतिहासात सापडते. दि. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद इत्यादी भाग म्हैसूर राज्यात आले. परंतु त्या दिवशी कित्येक खटले व अर्ज अर्धवट स्थितीत होते. राज्य गेले म्हणून ते केराच्या टोपलीत टाकता येत नव्हते. प्रलंबित कामांसाठी राज्य-पुनर्रचना कायद्यात स्वतंत्र कलमे घालावी लागली. ड्रायव्हरचा क्रमही असाच असतो. प्रथम नव्या मागण्या घेणे थांबवावे. मग हाती असलेल्या प्रत्येक मागणीस उत्तर द्यावे, निदान 'काम झाले नाही' असे स्पष्ट कळवावे. सर्व कागद परत आले, आकडा शून्य झाला, की मगच दप्तर गुंडाळावे.

विद्यार्थिमित्रहो, पडद्यावर पहाणी उमटते तेव्हा हा हिशेब आपणांस दिसत नाही. पण आपल्या वडिलांच्या शेताची नोंद मागितल्यावर तीच हाती येते, शेजाऱ्याची येत नाही, यामागे या साध्या नियमांचे काटेकोर पालन असते. तुमच्यापैकी कोणी पुढे असे कार्यक्रम लिहू लागेल, तेव्हा कागद फाडण्यापूर्वी तो आणखी कोणाच्या हाती आहे काय, हे त्याने अगोदर पाहावे.