गाडीच्या मागची ‘ठकठक’ : आधी निदान, मग सुटा भाग

शिर्डी-शनिशिंगणापूर मार्गावर भाड्याच्या गाड्या चालविणारे असोत की करंजी घाटातून पाथर्डीकडे रोज ये-जा करणारे, एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : ‘मागून ठकठक वाजते, पण काय वाजते ते कळत नाही.’ आमच्या परिचयाच्या एका गाडीमालकाने एवढ्यावरच मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलून घेतले. आवाज तसाच राहिला. शेवटी डिकीत सैल पडलेला जॅक सापडला! पैसे गेले, दोन दिवसांचे भाडे बुडाले आणि गॅरेजवरचा विश्वासही उडाला.

नवीन वाहनाचा नमुना तपासण्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ मध्ये ज्या संस्था नमूद आहेत, त्यांत आपल्या नगरची (आता अहिल्यानगर) व्ही.आर.डी.ई. ही संस्था आहे. तेथे चाचणीसाठी खास मार्ग आहेत. गॅरेजवाल्याजवळ तसे मार्ग नसले, तरी एक गतिरोधक आणि थोडा सपाट, मोकळा रस्ता पुरेसा आहे. गाडी ग्राहकाबरोबर चालवावी, एकाने मागच्या सीटवर बसून ऐकावे आणि आवाज केव्हा येतो याची नोंद करावी.

त्याआधी दोन कामे करावीत. डिकी पूर्ण रिकामी करावी, स्टेपनीही काढावी. मग चाकांचे नट पान्याने तपासावेत. सैल नटामुळेही ठकठक होते, आणि चाक निखळले तर जीवावर बेतते.

फक्त खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आवाज येत असेल, तर शॉक ॲब्सॉर्बरचे रबरी बुश, पाट्यांचे बुश आणि यू-बोल्ट पाहावेत. थंड असताना सायलेन्सर हाताने हलवून तो बॉडीला लागतो का, हेही बघावे. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत असेल किंवा गाडी दाबून सोडल्यावर झुलतच राहत असेल, तरच तो बदलण्याचा विचार करावा.

गिअर टाकून क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना एकच ठोका बसत असेल, तर संशय प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर किंवा डिफरन्शियलवर घ्यावा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले असताना शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. डिफरन्शियलच्या दात्यांत थोडी मोकळीक असतेच; क्रॉसमध्ये मात्र ती असता कामा नये. ही तपासणी अँबेसेडर, सुमो, जीप अशा मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांची होय. पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत मागे जाणारा शाफ्टच नसतो.

सपाट रस्त्यावर वेगाबरोबर ठोके वाढत असतील आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यावरही ते चालू राहत असतील, तर टायरला आलेला फुगा किंवा चाकाचे बेअरिंग पाहावे. फक्त ब्रेक दाबताना आवाज येत असेल, तर ब्रेकशू आणि पाट्यांचे बोल्ट तपासावेत.

नट सैल सापडले, क्रॉस खिळखिळा झाला, टायरला फुगा आला किंवा मुख्य पाटा तुटला, तर गाडी तेथेच थांबवावी. ‘घरापर्यंत जाऊ’ असे म्हणू नये. तसेच केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम स्टँड लावावेच.

एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा त्याच गतिरोधकावरून गाडी न्यावी. बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. आणि दोष नुसत्या सैल नटाचा निघाला, तर तसे सांगून तेवढीच मजुरी घ्यावी. असा ग्राहक पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो, आणि येताना आणखी दोघांना घेऊन येतो, असा आमचा अनुभव आहे.