करवंदे व कणी यांचे भाजलेले पक्वान्न

मे महिन्यात मावळच्या डोंगरउतारांवर करवंदे पिकतात व लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्यांवर पानांच्या द्रोणांतून विकली जातात. परंतु पिकलेले फळ एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. न विकलेली पाटी घरीच आंबून जाते. भात सडताना निघणाऱ्या कणीसही तांदळाचा भाव मिळत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेल्या इंद्रायणी वाणाची कणी मऊ व सुवासिक शिजते. या दोहोंचे पक्वान्न चुलीवर सहज होते.

अर्धा किलो करवंदे देठ काढून, चीक जाईपर्यंत धुवावीत व पाव किलो गुळात कालवून पातेल्यात पसरावीत. बिया काढल्यास उत्तम. न काढल्यास मुलांची तक्रार नसते. पितळी पातेल्यास कल्हई हवीच, कारण फळ आंबट आहे. पाव किलो कणी जाडसर दळून तुपावर भाजावी, दुप्पट गरम पाण्यात मीठ व थोडा गूळ घालून शिजवावी आणि फळावर थापावी. झाकणावर निखारे भरपूर ठेवावेत, खाली मात्र बेताचेच. तळचा गूळ करपला की सारे कडू होते. सुमारे अर्ध्या तासाने वरचा थर तांबूस होतो व कडेने जांभळा रस वर येतो. तेव्हा पातेले उतरवावे आणि निवाल्यावर वड्या कापाव्यात.