एकरंगी एक्का-राजा

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते. पोकरमध्ये उलटं, कलर सिक्वेन्सला मारतो. गिरगाव, परळ, लालबागमधली जी मंडळी गेल्या वीसेक वर्षांत गणपतीच्या जागरणातल्या पत्त्यांवरून नो-लिमिट होल्डेमच्या टुर्नामेंटपर्यंत पोचली, त्यांचा पहिला गोंधळ इथेच व्हायचा. नियम मात्र लहरी नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पानं उचलायच्या २२,१०० तऱ्हा. त्यांत साधे कलर १,०९६ आणि साध्या सिक्वेन्स ७२०. पानं पाच घेतली की पारडं फिरतं. २५,९८,९६० तऱ्हांत कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. जे कमी वेळा येतं ते वरचढ, एवढंच.

हा गोंधळ तासाभरात निस्तरायचा. त्याखालची सवय जायला मात्र वर्षं लागली. तीन पत्तीत वाटून झालं की हात पूर्ण झालेला असतो. नवं पान येणार नसतं. पानं उचलली, कलर दिसला, की चाल वाढवायची, समोरच्याला पॅक करायला लावायचं. तिथे हे बरोबरच आहे. होल्डेममध्ये हातात दोनच पानं आणि मधली पाच अजून यायची असतात. इस्पिकचा एक्का-राजा दिसतो राजबिंडा, पण त्या घडीला तो नुसता एक्का हाय आहे. समोरची दुर्रीची जोडीही त्याच्या पुढे असते. शिवाय आपण मेंढीकोट आणि पाच-तीन-दोनवर वाढलेली माणसं. हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या एक्क्याला कापते हे आपण शाळेत जायच्या आधी शिकतो. पोकरला हुकूम नाही, चारही रंग सारखेच, ही गोष्ट डोक्याला कळली तरी बोटांना कळत नाही.

परळ-लालबागच्या या भागाला पत्ते आणि पैसा यांचं नातं नवं नव्हतं. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने गिरणगाव व्यापलं होतं. त्यात अंगची हुशारी लागत नव्हती, लागायचा तो आकडा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि लोअर परळच्या त्याच जमिनींवर काचेची ऑफिसं उभी राहिली. पोकर मध्य मुंबईत शिरलं ते बरंचसं या ऑफिसांतून. लालबागच्या चाळीत राहणारा आणि कमला मिलमध्ये कामाला जाणारा पोरगा हा त्याचा पहिला वाहक, असं माझं मत आहे. जिमखान्यात ब्रिज खेळणारे काका पोकरकडे बराच काळ नाक मुरडूनच बघत होते.

पोकरच्या या लाटेची ठिणगी अमेरिकेतली. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने ऑनलाइन सॅटेलाइट, म्हणजे पात्रता स्पर्धा, जिंकून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये जागा मिळवली आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर नेले. आडनावच असं की गोष्ट कुणालाही खरी वाटू नये. पुढच्या वर्षी डॅन हॅरिंग्टनचं टुर्नामेंटवरचं पुस्तक आलं, आणि सुरुवातीला संयमाने खेळा, मोजके हात खेळा, ही शिकवण जगभर पसरली. आपल्याकडे अडचण जागेची होती. मुंबईत १८८७ चा जुगारबंदी कायदा. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलंही, पण पोकरचं भिजत घोंगडं राहिलं. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी केलेला कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून गोवा. दादरहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी कणकवली-कुडाळला गाववाले उतरणार, पोकरवाली चौकडी थिवीला; तिथून पणजी आणि मांडवीतली बोट.

त्या पहिल्या काळात एकरंगी एक्का-राजा कसा खेळला जायचा? सरळ ऑल-इन. ब्लाइंड (पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स) ५०-१०० चे, प्रत्येकापुढे २०,००० चिप्स, खेळ सुरू होऊन वीस मिनिटं झालेली, आणि भाऊ सगळं पुढे ढकलून मोकळा. आता हिशेब बघा. दोनशे ब्लाइंडच्या अशा ढकलीला सावध खेळाडू फार तर एक्क्यांची किंवा राजांची जोडी घेऊन हो म्हणतो. राजांच्या जोडीपुढे एकरंगी एक्का-राजा शंभरात साधारण ३४ वेळा जिंकतो, एक्क्यांच्या जोडीपुढे १२ वेळा. राण्यांची जोडी घेऊन कुणी आलाच, तर ४६. आणि ज्या रंगावर एवढा जीव जडलेला, तो रंग भर घालतो किती? राण्यांपुढे दुरंगी एक्का-राजा शंभरात ४३ वेळा जिंकतोच. म्हणजे रंगाची कमाई तीन टक्के. बाकी सगळे पानं टाकतात आणि हाती लागते ब्लाइंडची चिल्लर.

तोच हात दुसऱ्या तऱ्हेने चालवून बघू. पहिल्या जागेवरचा ३०० लावतो. तुम्ही शेवटी बसलात, ९०० करता; तो येतो. त्याच्याकडे इस्पिकचे गुलाम-नव्वी आहेत, पण ते तुम्हाला माहीत नाही. फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, पडतो: इस्पिकची अठ्ठी, इस्पिकची तिर्री, बदामची राणी. तुम्ही ९०० लावता, तो येतो. चौथं पान इस्पिकची पंजी. आता तुमचाही कलर, त्याचाही कलर. तुमचा एक्क्याचा, त्याचा गुलामाचा. तुम्ही २,५०० लावता. तो थोडा विचार केल्याचं नाटक करतो, चिप्सची चळत बोटांत घोळवतो आणि येतो. शेवटचं पान चौकटची दुर्री, काही बदललं नाही. तुम्ही ७,००० लावता. कलर हातात असताना पॅक होणं त्याच्या जिवावर येतं. त्याच्याकडून ११,३०० आले, वर ब्लाइंडचे १५०. पानं बघताक्षणी सगळं ढकललं असतं, तर याच गुलाम-नव्वीने पानं टाकली असती आणि मिळाले असते ४५०.

एकरंगी मोठ्या हाताची खरी किंमत ही आहे: लहान रंगवाल्याला तो पुरता धुतो. पण त्यासाठी दोघांपुढेही चिप्सचा ढीग लागतो, आणि तो सुरुवातीलाच असतो. उशिरा, वीस ब्लाइंड उरल्यावर, हाच हात खुशाल ढकलावा. तिथे समोरचा अठ्ठ्यांची जोडी किंवा एक्का-राणी घेऊनही येतो, आणि सगळे पळाले तरी उचललेल्या ब्लाइंडला वजन असतं. सुरुवातीला नाही. यात कठीण भाग वेगळाच आहे. दोन एकरंगी पानांचा शेवटपर्यंत कलर होतो तो शंभरात साडेसहा वेळा. फ्लॉपलाच पुरा कलर पडणं तर ११९ मध्ये एकदा. बाकीच्या वेळी थोडक्यात सोडून द्यायचं असतं, आणि राजबिंडा हात सोडायला तीन पत्तीवाला राजी नसतो.

मग दशक बदललं. अड्डा ५२ सारख्या पोकरच्या साइट आल्या, २०१५ मध्ये पायोसॉल्व्हर हे सॉफ्टवेअर आलं आणि घरबसल्या प्रत्येक हाताचं शवविच्छेदन सुरू झालं. २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी लास वेगासला वर्ल्ड सिरीजचं टॅग टीमचं ब्रेसलेट जिंकलं, पुढच्या वर्षी निकिता लुथरने जिंकलं. गोव्यात वर्ल्ड पोकर टूर आली. लालबागच्या पोरांच्या तोंडी रेंज, इक्विटी असे शब्द बसले. सुरुवातीचा खेळ मात्र शहाणा झाला असं छातीठोक सांगता येत नाही, कारण त्याच वेळी री-एंट्रीची चाल पडली. बाहेर गेलात तर पैसे भरा, परत बसा. एक एंट्री होती तेव्हा ढकलणारा अडाणी ठरायचा. आता खिशात तीन एंट्र्या असलेला मुद्दाम ढकलतो आणि धैर्य म्हणून मिरवतो. आयोजकांना ते सोयीचंच, कारण प्रत्येक एंट्रीवर त्यांची फी. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर रात्री-बेरात्री किती एंट्र्या गेल्या, हे चाळीतल्या बायकांना त्या पोरांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पैसे भरतानाच २८ टक्के जीएसटी लागला. मग २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांचे ॲप बंद पडले. पाचच दिवसांनी गणपती आले. जागरणाला पत्ते निघाले, बूट पडला, तीन पत्ती सुरू झाली. बंदीचा तिथे कुणाला पत्ताही नव्हता.

ज्यांना टुर्नामेंटच खेळायची आहे त्यांना पुन्हा थिवी. ॲपवर चार टेबलं एकदम लावणाऱ्याला एकरंगी एक्का-राजा तास-दीड तासात भेटायचा. तो येतो ३३१ हातांत एकदा. बोटीवरचा डीलर तासाला तीसेक हात वाटतो. म्हणजे अकरा तास. कोकणकन्येचं तिकीट काढून गेलेल्याचा पूर्ण पहिला दिवस तो हात न येताच सरू शकतो, आणि आला तर बहुधा ब्लाइंड चढलेले असतात.