पुरण, ‘आन’ आणि काटेरी कुंपण

होळीच्या दिवशी पुरण शिजत असताना माझी आई चुलीपासून हलत नाही. डाळ बोटाने दाबून बघते, कट निथळून घेते, गूळ पडला की ढवळणं थांबवत नाही. उलथनं पातेल्यात मधोमध उभं राहिलं की पुरण झालं. नाओमी कावासे यांच्या ‘आन’ (2015) या जपानी चित्रपटात तोकुए ही म्हातारी बाई अझुकीचं सारण शिजवते, ते मी श्वास रोखून पाहिलं. अझुकी म्हणजे मुगाहून जरा मोठे, तांबडे दाणे. त्यांच्या पहिल्या उकळीचं पाणी ती तुरटपणा जावा म्हणून ओतून देते. आपण कटाची आमटी करतो, एवढाच फरक. दाण्यांकडे कान देऊन वाट बघणं मात्र अगदी तेच.

दुरियान सुकेगावा यांची मूळ कादंबरी 2013 ची. दोरायाकी, म्हणजे असं सारण भरलेले गोड पॅनकेक, विकणाऱ्या सेंतारोच्या टपरीवर तोकुए काम मागायला येते. सारण तो आजवर विकतचंच वापरत आलेला. तिच्या हातचं चाखल्यावर तो तिला ठेवून घेतो, आणि टपरीपुढे रांगा लागतात. मग तिच्या वाकड्या बोटांमागच्या कारणाची कुणकुण लागते : तिला कुष्ठरोग होऊन गेलाय. आजार कधीच बरा झालेला, पण गिऱ्हाईक येईनासं होतं. किरीन किकी यांनी ही तोकुए इतकी हळुवार उभी केली आहे की तिचे हात बघताना आपल्यालाच अपराधी वाटतं.

नवी मुंबईकराला ही गोष्ट परकी वाटायला नको. पनवेलजवळ नेरे इथे कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. लहानपणी त्या बाजूला जाताना मोठी माणसं आवाज खाली आणत. ‘महारोग’ हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायचा नसे.

जपानमध्ये ही भीती कायद्यात लिहिलेली होती. 1907 पासून रुग्णांना वेगळं काढायला सुरुवात झाली, 1931 च्या कायद्याने ती सक्ती सर्वांवर आली, आणि औषध सापडल्यानंतरही 1953 चा कायदा तसाच राहिला. तो रद्द झाला 1996 मध्ये. रुग्णांच्या वसाहतींत गेलेल्यांपैकी अनेकांनी घरच्यांना बट्टा लागू नये म्हणून नाव बदललं. लग्न करायचं तर नसबंदी. चित्रपटातली तोकुए ज्या तामा झेन्शोएनमध्ये राहते, ती वसाहत तोक्योजवळ खरोखरच आहे. तिच्याभोवती काटेरी झुडपांचं कुंपण होतं, आतल्यांनी बाहेर पडू नये म्हणून. 2001 मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी धरलं आणि सरकारने अपील केलं नाही.

कादंबरीवरून याच दुखण्यावर जपानी पडद्याने आधीही हात ठेवला होता. सेइचो मात्सुमोतो यांच्या रहस्यकथेवरचा योशितारो नोमुरा यांचा ‘सुना नो उत्सुवा’ (1974) : गावाबाहेर हाकललेला रोगी बाप आणि त्याचं बोट धरून चालणारं पोर. त्यात खून लपवलेल्या नात्यातून घडतो. ‘आन’मध्ये खून नाही, पोलीस नाहीत. फक्त एक बाई आहे, जिच्या हातचं लोक आवडीने खातात आणि मग खात नाहीत. मला तो घाव अधिक खोल वाटतो.

आपल्याकडे कुंपण सरकारपेक्षा गावाने आणि घराने घातलं. तरी कायदाही होताच : 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा 2016 मध्ये पुस्तकातून गेला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहू नये, हे 2019 मध्ये ठरलं. इतक्या उशिरा!

आणि खाण्याचा प्रश्न इथेही तोच होता. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापली. तिच्या आनंदवन या वसाहतीत पिकलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातली माणसं सुरुवातीला धजावत नव्हती. 1954 मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर राबले, तिथलंच जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली. भाजी तीच, मातीही तीच.

चित्रपटात सेंतारो शेवटी झेन्शोएनमध्ये पोचतो तेव्हा तोकुए गेलेली असते. तिथल्या रीतीप्रमाणे तिच्या नावाने झाड लावलंय. तिची मैत्रीण त्याच्या हाती ठेवते ती तोकुएची सारण शिजवायची भांडी, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली.