परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन

सप्टेंबर संपत आला की हवामान खात्याच्या अंदाजातले शब्द बदलू लागतात. 'बऱ्याच ठिकाणी पाऊस' आधी 'काही ठिकाणी'वर येतो, मग 'तुरळक ठिकाणी' होतो आणि एक दिवस 'हवामान कोरडे राहील' एवढंच उरतं.

हे शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा किंवा विदर्भ, यांपैकी ज्या उपविभागाचा अंदाज असेल तिथल्या पाव पर्जन्यमापन केंद्रांपर्यंत पाऊस अपेक्षित असेल तर तो 'तुरळक', निम्म्यापर्यंत 'काही', पाऊण केंद्रांपर्यंत 'बऱ्याच' ठिकाणी. पाऊस किती पसरेल, एवढंच त्यातून कळतं. त्याचा जोर कळत नाही. तुरळक म्हटलेला पाऊस ज्याच्या शिवारात पडतो, त्याचं उभं पीक तासाभरात आडवं करू शकतो.

ऊन पडलं म्हणजे मान्सून परतला, असंही नाही. पश्चिम राजस्थानात सलग 5 दिवस पाऊस नसावा, दीडेक किलोमीटर उंचीवर वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागावेत आणि हवेतलं बाष्प स्पष्टपणे घटावं. मगच परतीची घोषणा होते. तिथून ही माघार आग्नेयेकडे सरकते. तिच्या सरासरी तारखा खात्याने 2020 मध्ये बदलल्या: राजस्थानची 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबर, मुंबईची 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर. जुन्या तारखेच्या भरवशावर काढणी धरणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे.

ढग हटले की तापमान चढतं. पुण्यात ऑगस्टमधलं 28 अंशांच्या आसपासचं दुपारचं तापमान ऑक्टोबरात 32 च्या घरात जातं. जमीन अजून ओली, हवेत दमटपणा, म्हणून घाम वाळत नाही. मुंबईत तर जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे समुद्रावरचा गार वारा दुपारपर्यंत अडवून धरतात.

याच उष्म्यात परतीचा पाऊस शिजतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी फुलकोबीच्या गड्ड्यासारखे वर चढत जाणारे ढग आणि संध्याकाळी विजांचा कडकडाट. सकाळचं आभाळ पाहून सोयाबीन कापून पसरणारा शेतकरी इथेच फसतो. नाशिकच्या द्राक्षबागांत तेव्हा ऑक्टोबर छाटणी चालू असते. पाऊस लांबला की कोवळ्या फुटींवर डाऊनी (केवडा) रोग येतो. 2019 मध्ये मान्सूनने राजस्थानातून माघारीला सुरुवात केली तीच 9 ऑक्टोबरला, आणि महिनाअखेरीच्या पावसाने या बागांचं अतोनात नुकसान केलं. उलट सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीला परतीच्या पावसाची ओलच आधार असते.

म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रकात या दिवसांत एक सूचना अनेकदा असते: कापलेलं पीक ताडपत्रीखाली झाकून ठेवा. ती बऱ्याचदा अशा दिवशी येते, जेव्हा बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं.